वारंवार न्यूमोनिया होणाऱ्या लेकराच्या रक्तात काय नसतं

काही मुलांची दुखणी ठरावीक वळणानं जातात. जन्मतः वजन चांगलं, पहिले पाच-सहा महिने बाळ गुटगुटीत, दवाखान्याचं तोंड फक्त लसींपुरतं पाहिलेलं. उष्टावण होतं आणि पुढच्या एक-दोन महिन्यांत पहिला न्यूमोनिया येतो. ॲडमिट, सलाईन, इंजेक्शनं, आठवड्यानं घरी. मग कान वाहायला लागतो. तो थांबेस्तोवर पुन्हा छातीत कफ, मधल्या काळात हगवण. खाल्लेलं अंगाला लागत नाही. घरात कुणी म्हणतं दात येतायत, कुणाला वरचं दूध मानवलेलं नसतं, कुणी मीठ-मोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतं. दर वेळी अँटिबायोटिकनं लेकरू उठून बसतं, आणि बरं होतं म्हणूनच कुणाला वेगळी शंका येत नाही.

आधी घाबरलेल्या आईबापांसाठी एक गोष्ट सांगतो. अंगणवाडीत जाणाऱ्या धडधाकट मुलालाही वर्षात सहा-आठ वेळा सर्दी-खोकला होतो. तो बहुधा विषाणूंचा असतो आणि आपोआप जातो. नुसती सर्दी म्हणजे प्रतिकारशक्तीचा आजार नव्हे. वर्षभरात दोनदा न्यूमोनिया, चार-पाचदा कान फुटणं, एकदा का होईना मेंदूज्वर किंवा रक्तात जंतू पसरणं, दर वेळी शिरेतून अँटिबायोटिक द्यावं लागणं आणि वजन न धरणं, असं चित्र असेल तर मात्र मुलाच्या रक्तात अँटीबॉडीज आहेत का, हे एकदा तपासलंच पाहिजे. नांदेड-लातूरच्या पट्ट्यात ही तपासणी बहुतेकदा फुप्फुस खराब झाल्यावर होते, म्हणून हा लेख.

अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंड, हे रक्तातलं एक प्रथिन. हाडांच्या मगजात बी पेशी तयार होतात. तिथून त्या लिम्फच्या गाठी, टॉन्सिल, पानथरी आणि आतड्याच्या भिंतीत मुक्कामाला जातात. जंतू समोर आला की त्यांतल्या काहींचं रूपांतर प्लाझ्मा पेशींत होतं आणि त्या पेशी नेमक्या त्याच जंतूला बसतील अशा अँटीबॉडीज रक्तात सोडतात. पहिल्या काही दिवसांत आयजीएम येते. नंतर येणारी आयजीजी रक्तात आणि शरीरभर मुरून राहते. नाक, घसा, श्वासनलिका, आतडं यांच्या ओलसर अस्तरावर आयजीए पहारा देते.

न्यूमोनियाचा मोठा गुन्हेगार न्यूमोकॉकस. या जंतूभोवती साखरेच्या लांबलचक रेणूंचं बुळबुळीत कवच असतं. पांढऱ्या पेशींना तो गिळायचा असतो, पण पकड बसत नाही. आयजीजी त्या कवचाला जाऊन चिकटते. तिची एक बाजू जंतूला धरते, दुसरी बाजू पांढऱ्या पेशीला सापडते, आणि मग जंतू गिळला जातो. आयजीजी नसेल तर पांढऱ्या पेशी संख्येनं भरपूर असूनही न्यूमोकॉकस आणि हिमोफिलस या जंतूंपुढे हतबल होतात. या मुलांच्या छाती-कान-सायनसवर पुन्हा पुन्हा तेच ते जंतू का चालून येतात, याचं उत्तर इथे आहे. विषाणूंशी लढणाऱ्या टी पेशी शाबूत असतील तर कांजिण्यांसारखा आजार ही मुलं साधारण इतरांसारखाच निभावून नेतात. त्यामुळेही दिशाभूल होते.

मग पहिले सहा महिने बाळ ठणठणीत कसं? आईमुळे. गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत आईची आयजीजी वारेतून बाळाकडे जाते. जन्माच्या वेळी बाळाच्या रक्तात ती आईइतकीच, कधी तिच्याहून थोडी जास्त असते. पुढे ती दर तीन-चार आठवड्यांनी निम्मी होत जाते. सहा महिन्यांनी आईची शिदोरी संपते आणि बाळाचं स्वतःचं उत्पादन सुरू झालेलं असायला हवं. ते सुरूच झालेलं नसेल, तर दुखणी उष्टावणाच्या मागेच लागतात.

हे पहिल्यांदा ओळखलं ते १९५२ साली, अमेरिकी लष्करातले बालरोगतज्ज्ञ ऑग्डेन ब्रुटन यांनी. आठ वर्षांच्या एका मुलाच्या रक्तात न्यूमोकॉकस पुन्हा पुन्हा पसरत होता. त्या वेळी नव्या असलेल्या इलेक्ट्रोफोरेसिस यंत्रावर रक्तातली प्रथिनं वेगळी केली, तर गॅमा ग्लोब्युलिनची पट्टीच गायब. ब्रुटन यांनी दुसऱ्यांच्या रक्तातून काढलेलं गॅमा ग्लोब्युलिन दर महिन्याला त्वचेखाली टोचायला सुरुवात केली आणि मुलाचे आजार थांबले. निदान आणि उपचार दोन्ही एकाच शोधनिबंधात आले.  या आजारामागचं बीटीके नावाचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. ते बिघडलं की बी पेशी मगजातच अडकतात, पुढे परिपक्व होत नाहीत. पुढे याच बीटीके प्रथिनाला रोखणारी औषधं बी पेशींच्या कर्करोगावर वापरात आली. एका मुलाच्या न्यूमोनियाचा पाठपुरावा केला त्यातून इतकं हाती लागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बीटीके हे जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. मुलीकडे दोन एक्स, त्यामुळे एक बिघडला तरी दुसरा सांभाळून घेतो. ती आजारी पडत नाही, पण दोष पुढे देऊ शकते. मुलाकडे एकच एक्स, तोही आईकडून आलेला. म्हणून या आजाराचा माग आईच्या माहेरी लागतो. डॉक्टरांनी विचारायचा प्रश्न साधा आहे: “ताई, तुमच्या माहेरी कुणी मुलगा लहानपणीच दगावला का? तुमचा भाऊ, मामा, मावशीचा मुलगा?” आपल्याकडे फॅमिली हिस्टरी विचारताना माहिती देणारा बहुतेक वेळा मुलाचा बाप किंवा आजोबा असतो आणि तो आपल्याच घरचं सांगतो. “आमच्यात असं कुणाला नाही.” ते खरंच असतं. आईला बाजूला घेऊन विचारलं की दोन वर्षांचा होऊन गेलेला एखादा मामा निघतो, कारण म्हणून ‘ताप डोक्यात गेला’ एवढंच घरात ठाऊक असतं. मात्र सुमारे निम्म्या मुलांच्या घरात असा इतिहास मिळतच नाही, काही वेळा बिघाड नव्यानं झालेला असतो. त्यामुळे माहेर निरोगी निघालं तरी तपासणी टाळायची नाही.

दोष येण्याची दुसरी एक वाट आपल्या भागासाठी महत्त्वाची आहे. मामाच्या मुलीशी, काही घरांत थेट मामा-भाचीचं लग्न कर्नाटक-तेलंगणाला लागून असलेल्या या पट्ट्यात नवं नाही. जवळच्या नात्यात लग्न झालं की एकच सदोष जनुक दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते. अशा प्रकारचे अँटीबॉडीच्या अभावाचे आजार विरळ असले तरी मुलींनाही होतात. म्हणून “हा मुलग्यांचा आजार” असं म्हणून मुलीची तपासणी सोडून देऊ नये.

हे आजार निसटतात कुठे? पहिली जागा म्हणजे कागद. कंधार, मुखेड, अहमदपूर, जळकोटकडची कितीतरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. पहिला न्यूमोनिया गावाकडे, दुसरा कारखान्याच्या तळावर, तिसरा भलत्याच तालुक्यात. प्रत्येक डॉक्टरला तो पहिलाच वाटतो. कॅरीबॅगेत का होईना, प्रत्येक डिस्चार्ज कार्ड आणि छातीचा प्रत्येक फोटो जपून ठेवला, तर निदान करणाऱ्याचं निम्मं काम झालेलं असतं.

दुसरी जागा म्हणजे सीबीसी, रक्तपेशींची मोजणी. या मुलांची सीबीसी बहुधा ठीकठाक येते. बी पेशी नसल्या तरी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये टी पेशींचाच भरणा असतो, त्यामुळे आकडा फारसा घसरत नाही. रिपोर्ट नॉर्मल म्हणून विषय मिटतो.

तिसरी विडाल. आपल्याकडे लांबलेला ताप म्हटलं की विडाल होतेच. पण विडाल मोजते शरीरानं टायफॉइडविरुद्ध केलेल्या अँटीबॉडीज. ज्याच्या शरीरात त्या बनतच नाहीत, त्याची विडाल टायफॉइड असूनही निगेटिव्ह येईल. डेंगीची अँटीबॉडी टेस्ट, एचआयव्हीची नेहमीची अँटीबॉडी टेस्ट, सगळ्यांची हीच गत. अशा रुग्णात जंतू थेट शोधावा लागतो, कल्चरनं किंवा पीसीआरनं.

उलट, एक खूण घरातल्या जुन्या रिपोर्टांतच असते. लिव्हरची तपासणी, एलएफटी, बहुतेक मुलांची कधी ना कधी झालेली असते. त्यात टोटल प्रोटीन आणि अल्ब्युमिन असे दोन आकडे असतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की ग्लोब्युलिन उरतं, आणि ग्लोब्युलिनचा मोठा वाटा अँटीबॉडीजचा. समजा टोटल प्रोटीन ५.८ आहे आणि अल्ब्युमिन ४.२. उरले १.६ ग्रॅम. साधारण दोन ते साडेतीन असायला हवेत. अल्ब्युमिन चांगलं असताना ग्लोब्युलिन इतकं खाली असेल, तर तिथे लाल पेन फिरवून पुढची तपासणी लिहायला हवी. वेल्समध्ये याच वजाबाकीचा चाळणी म्हणून पद्धतशीर वापर करून पाहिला आणि तो उपयोगी ठरला. उदगीर, देगलूरच्या लॅबमध्येही हा आकडा आज छापून येतो. फक्त त्याच्याकडे बघायची सवय हवी.

आणि टॉर्च. सतत घसा-कान दुखणाऱ्या तीन वर्षांच्या मुलाचे टॉन्सिल चांगले मोठे दिसायला हवेत. बीटीकेचा दोष असलेल्या मुलानं आ केला की दोन्ही बाजूंना सपाट, गुलाबी भिंत दिसते. टॉन्सिल जवळजवळ नसतातच. मानेत, जांघेत चाचपून गाठी लागत नाहीत. कारण या जागा भरतात त्या बी पेशींनी, आणि इथे त्याच नसतात. या तपासणीला पैसा लागत नाही.

शंका आली की पहिली टेस्ट म्हणजे रक्तातल्या आयजीजी, आयजीए, आयजीएमची पातळी. खासगी लॅबमध्ये छातीच्या सीटी स्कॅनपेक्षा कमी पैशांत ती होते. दोन पथ्यं पाळायची. एक, आकडे मुलाच्या वयाप्रमाणे ताडायचे. मोठ्या माणसाची नॉर्मल रेंज लेकराला लावली तर तीन-चार महिन्यांचं निरोगी बाळही आजारी ठरेल, कारण त्या वयात आयजीजी सगळ्यांचीच खाली असते. दोन, रक्त घ्यायचं ते इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा देण्याआधी. एकदा दुसऱ्याच्या अँटीबॉडीज शिरेतून दिल्या की रिपोर्टात त्याच दिसतात आणि निदान कित्येक आठवडे झाकलं जातं.

पातळी कमी आली की पुढची पायरी फ्लो सायटोमेट्री. यात बी पेशी मोजतात. बीटीकेच्या दोषात त्या शंभर लिम्फोसाइटमध्ये एक-दोनही सापडत नाहीत. नांदेडचं विष्णुपुरीतलं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय किंवा लातूरची विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था इथल्या बालरोग विभागात मूल दाखवून संदर्भचिठ्ठी घेतली, तर पुढचा प्रवास सोपा जातो. हा प्रवास बहुधा परळला होतो. केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या नव्या बहुमजली इमारतीत तेराव्या मजल्यावर आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. प्रतिकारशक्तीच्या जन्मजात आजारांचं निदान तिथे वर्षानुवर्षं होत आलं आहे. बीटीके प्रथिन पेशींत आहे की नाही हे पाहण्यापासून जनुकातला दोष शोधण्यापर्यंत. शेजारीच मुलांचं वाडिया रुग्णालय. नांदेडहून तपोवन, देवगिरी, नंदीग्राम आणि लातूरहून मुंबई एक्स्प्रेस, असा हा रस्ता आहे. रक्त घेऊन माणूस पाठवायचा असेल तर ते जांभळ्या टोपणाच्या नळीत, साध्या तापमानाला, बर्फात न ठेवता, दिवसभरात पोचेल असं न्यावं. तिकडे आधी फोन करून वार ठरवावा, म्हणजे रविवारी पोचून नळी वाया जात नाही.

निदानाला उशीर झाला तर काय होतं? सगळ्यात मोठी किंमत फुप्फुस मोजतं. प्रत्येक न्यूमोनिया श्वासनलिकेची भिंत थोडी थोडी कमकुवत करत जातो. शेवटी नलिका कायमच्या रुंद होतात, त्यांत कफ साचतो, साचलेल्या कफात जंतू वाढतात. याला ब्रॉन्किएक्टेसिस म्हणतात. तो एकदा झाला की मागे फिरत नाही. उपचारांनी वेग कमी होतो, गेलेलं फुप्फुस परत येत नाही. कान वाहून वाहून ऐकू येणं कमी होतं आणि मूल ‘लक्ष देत नाही’ म्हणून शाळेत मार खातं. सांधे सुजतात. जिआर्डिया आतड्यात ठाण मांडतो आणि हगवण लांबते. ज्या भागात टँकरचं पाणी सवयीचं आहे, २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे अशा मुलाला उकळलेलंच पाणी देणं हा औषधोपचाराचाच भाग समजावा. एन्टेरोव्हायरस गटातले विषाणू काही मुलांच्या मेंदूत शिरतात. चालणारं, बोलणारं मूल हळूहळू मागे पडतं.

एन्टेरोव्हायरसच्या याच गटात पोलिओचा विषाणू येतो. तोंडावाटे देतो त्या थेंबांतला विषाणू जिवंत असतो, पण कमजोर केलेला. सुदृढ मूल त्याला काही आठवड्यांत बाहेर टाकतं. अँटीबॉडीज नसलेल्या मुलाच्या आतड्यात तो महिनोन्महिने राहू शकतो, बदलत जातो आणि क्वचित पुन्हा लुळेपणा आणण्याइतका ताकदवान होतो. मुंबईत परळच्या राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेनं आणि एन्टेरोव्हायरसवर काम करणाऱ्या शास्त्रज्ञांनी अशा मुलांच्या शौचाचे नमुने तपासून विषाणू बाहेर टाकणारी मुलं शोधून काढली. म्हणून निदान झालेल्या मुलाला आणि त्याच्या घरातल्या भावंडांना थेंब नकोत. त्यांच्यासाठी इंजेक्शनची पोलिओ लस. बूथवरच्या आशाताईंना निदानाचे कागद दाखवून हे सांगावं. बाकी सगळ्यांनी मात्र थेंब घ्यायचेच. पोलिओ गेला तो त्या थेंबांमुळे.

मोठ्या माणसांतही अँटीबॉडीच्या अभावाचा एक आजार सुरू होतो. कॉमन व्हेरिएबल इम्युनोडेफिशियन्सी हे त्याचं नाव. बऱ्याच जणांना तो विशी ते चाळिशीत उघडा पडतो. वर्षानुवर्षं खोकला, हिरवट बेडका, थुंकीत टीबीचे जंतू नाहीत, फोटोत मात्र डाग. टीबीचं प्रमाण पाहता एकेटी, म्हणजे टीबीची औषधं, सुरू होणं समजण्यासारखं आहे. पण थुंकी आणि टीबीची जीनएक्सपर्ट तपासणी निगेटिव्ह असताना दुसऱ्यांदा एकेटी सुरू करण्याआधी आयजीजी तपासावी. या रुग्णांत आणखी एक विचित्र प्रकार दिसतो: जंतूंवर न चालणारी प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रक्तपेशींवर उलटते. प्लेटलेट घसरतात, पानथरी वाढते, आणि लिम्फोमा या कर्करोगाचा धोका इतरांपेक्षा जास्त राहतो. अँटीबॉडीज कमी असलेल्या काहींना जन्मजात दोष नसतो. नेफ्रोटिक या मूत्रपिंडाच्या आजारात अँटीबॉडीज लघवीवाटे जातात, मायलोमा या प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात त्या नीट बनत नाहीत, रिटुक्सिमॅबसारखी औषधं बी पेशीच मारतात. नुसती आयजीए कमी असणारे तर बरेच असतात. त्यांतल्या बहुतेकांना आयुष्यभर काही त्रास होत नाही, त्यांच्या मागे लागू नये.

उपचार ब्रुटन यांनी दाखवला तोच: दुसऱ्यांच्या अँटीबॉडीज, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, आता बहुधा शिरेतून. त्या निदान हजारभर, बहुधा कित्येक हजार दात्यांच्या प्लाझ्मातून वेगळ्या करतात. दर तीन-चार आठवड्यांनी, किलोमागे ४०० ते ६०० मिलिग्रॅम. वीस किलोच्या मुलाला महिन्याला आठ ते बारा ग्रॅम. बाटली फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ देतात. हलवायची नाही, प्रथिन असल्यानं फेस येतो. बाटलीवरच्या लेबलचा बॅच नंबर फाइलमध्ये चिकटवतात. पहिला अर्धा तास थेंब अगदी सावकाश. परिचारिका ताप, नाडी, बीपी बघत राहते. डोकं दुखलं किंवा हुडहुडी भरली तर वेग कमी करतात. चार-सहा तास जातात. पुढच्या डोसाआधी रक्तातली आयजीजी मोजतात आणि त्यावरून मात्रा ठरते. घरी न्यायची बाटली मे महिन्यातल्या एसटीत उघडी नेता येत नाही, आणि बर्फाला चिकटून गोठली तर फेकून द्यावी लागते.

या बाटलीत जवळजवळ फक्त आयजीजी असते. नाक-घशाच्या अस्तरावरची आयजीए ती भरून काढत नाही. म्हणून उपचार चालू असतानाही कफ काढण्याचे व्यायाम, वेळेवर अँटिबायोटिक आणि अधूनमधून फुप्फुसाची तपासणी लागतेच.

डोस जन्मभर आणि खर्च वजनाबरोबर वाढणारा. शेतमजुराच्या घराला तो झेपत नाही, आणि उपचार सुटतो तो बहुतेक इथे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात इम्युनोग्लोब्युलिननं आटोक्यात राहणारे हे आजार दुसऱ्या गटात आहेत. त्या धोरणाखालच्या केंद्रांत मुंबईचं केईएम आहे आणि २०२२ पासून मदतीची मर्यादा ५० लाख रुपयांपर्यंत नेली आहे. नाव केंद्रातच नोंदवावं लागतं. पण दर महिन्याला सहाशे किलोमीटर जाऊन बाटली लावून येणं कुठल्याही घराला शक्य नाही. निदान परळला होऊ द्या, महिन्याचा डोस मात्र विष्णुपुरीत आणि लातुरातच मिळाला पाहिजे, ही मागणी इथल्या डॉक्टरांनी आणि लोकप्रतिनिधींनी लावून धरावी असं मला मनापासून वाटतं.

बीटीकेचा दोष सापडला की आईचीही तपासणी करतात. ती वाहक निघाली तर पुढच्या प्रत्येक मुलग्यात तो दोष येण्याची शक्यता निम्मी असते. तिच्या बहिणींनाही हे सांगायला हवं, मग त्या कुठल्याही सासरी असोत. पुढचा मुलगा झाला तर पहिल्या काही आठवड्यांतच त्याच्या बी पेशी मोजता येतात. त्या वयात आयजीजी मोजून उपयोग नसतो, कारण ती आईची असते. बी पेशी नसतील तर आईची शिदोरी संपण्याआधी, म्हणजे पहिल्या न्यूमोनियाच्याही आधी, डोस सुरू होतो आणि थोरल्या भावाच्या फुप्फुसाचं जे झालं ते धाकट्याचं टळतं.